कुकरच्या शिट्ट्या, लॅचची किल्ली आणि समोरच्या काकू

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

  

आजचा भाग थोडा घरगुती आहे. नेहमी मी कोड, करिअर, पगार असलं काहीतरी बोलते. आज माझ्या आजीबद्दल बोलणार आहे. म्हणजे खरं तर आजीबद्दल नाही, आजीच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकूंबद्दल.

तर झालं असं. माझी आजी, आईची आई, कर्वेनगरमध्ये एका जुन्या सोसायटीत राहते. १९८८ची इमारत. तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आजोबा गेल्यापासून आजी एकटी. आई-बाबा नाशिकला, मामा कॅनडात, आणि मी तेव्हा बेंगळुरूला नोकरीला. पुण्यात अशी घरं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. परदेशात मुलं असलेल्या पालकांची इथे स्वतंत्र संघटना आहे, यावरूनच काय ते समजा.

आता मी बीटेक झालेली मुलगी. आजी एकटी राहते म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय येणार? गॅजेट! मी तिला एक स्मार्ट घड्याळ घेऊन दिलं. माणूस पडला की ते ओळखतं आणि फोनवर अलर्ट पाठवतं. हॉलमध्ये एक छोटा कॅमेराही बसवला. आजीनं दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर नॅपकिन टाकला. म्हणाली, "मी पोथी वाचताना डुलक्या काढते ते तुला बघायचंय का?"

आणि समोरच्या काकूंबद्दल माझं मत काय होतं? खरं सांगते, लाजच वाटते आता. मला त्या भोचक वाटायच्या. मी सुट्टीला आले की जिन्यातच, "आलीस? किती दिवस? लग्नाचं काय?" मी आजीला म्हणायचे, "अगं, यांना काय करायचंय?" आजी म्हणायची, "त्यांना करायचंय म्हणूनच विचारतात."

मग एका मंगळवारी सकाळी आजी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. घड्याळ कुठे होतं? चार्जिंगला! अंघोळीला जाताना काढून ठेवलेलं. कॅमेरा? नॅपकिनखाली, आणि तसाही हॉलमध्ये. माझ्या फोनवर एकही अलर्ट आला नाही. मी निवांत स्टँडअप मीटिंगमध्ये बसले होते.

कळलं कुणाला? समोरच्या काकूंना. कसं? तर कुकरच्या शिट्ट्या झाल्या नाहीत. आजीचा कुकर रोज साडेदहाच्या आत लागतो. वरण-भाताच्या तीन शिट्ट्या. काकू त्यांच्या स्वयंपाकघरात असतात, त्यांना त्या ऐकू येतात. त्या काही मुद्दाम मोजत नाहीत. पण त्या दिवशी पावणेअकरा झाले तरी शिट्टी नाही, म्हणून त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं नाही. काकूंच्या दारामागे कॅलेंडर आहे, त्याच्या खाली खिळ्याला आमच्या घराची किल्ली असते. त्यांनी लॅच उघडला आणि आत गेल्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. लॅचची किल्ली असून उपयोग कधी? जेव्हा आतून कडी लावलेली नसेल तेव्हा. काकूंनी वर्षभर आजीच्या मागे लागून तिची ती सवय मोडली होती. दिवसा फक्त लॅच लावायचा, कडी रात्री. आणि बाथरूमचं दार नुसतं लोटायचं, कडी घालायची नाही. आजी कुरकुरायची, पण ऐकायची. ही सवय मोडली नसती तर त्या दिवशी दार तोडायला सुतार शोधावा लागला असता.

काकूंनी १०८ला फोन केला. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. ते बहात्तरचे, स्वतः गुडघ्यांनी बेजार, पण फाइल शोधून काढली, मेडिक्लेमचं कार्ड काढलं. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा खालच्या इस्त्रीवाल्यानं आणि किराणा दुकानातल्या पोरांनी हात लावला. काकू तशाच, घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या.

दवाखान्यात काय झालं? फॉर्म. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण मला वाटतं कुठेही असंच झालं असतं. फॉर्मवर एक रकाना असतो, 'रुग्णाशी नातं'. काकूंनी लिहिलं, 'शेजारी'. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जवळचं कोणी नाही का?" काकू म्हणाल्या, "समोरच राहते मी, अजून किती जवळचं हवं?" त्याला हसू आलं, पण त्याचंही खरं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मुलगा, मुलगी, पती, पत्नी एवढंच होतं. शेवटी त्यानं 'इतर' निवडलं.

पहिले उपचार लगेच सुरू झाले, तिथे कुणी अडवलं नाही. पण ऑपरेशनच्या सहीसाठी आई नाशिकहून येईपर्यंत थांबावं लागलं. मी संध्याकाळच्या फ्लाइटनं पोचले. तेव्हा काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सकाळपासून फक्त चहावर. मला बघून म्हणाल्या, "आलीस? किती दिवस?" तोच प्रश्न! आणि मला रडू आलं.

तेव्हापासून तो 'इतर'चा रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून मी जरा शोधाशोध केली. आपल्याकडे २००७ सालचा एक कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा. त्यात मुलांवर जबाबदारी टाकलीय. ज्याला मूलबाळ नाही अशा ज्येष्ठाच्या 'नातेवाइका'वरही टाकलीय, आणि तिथे नातेवाईक म्हणजे कोण? ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारसाहक्कानं येणार आहे असा कायदेशीर वारस. म्हणजे कायद्याला मुलं माहीत आहेत, वारस माहीत आहेत. मालमत्तेतलं काही न मिळता रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकणारी बाई माहीत नाही.

बरं, कायद्यानं शेजाऱ्यावर जबाबदारी टाकावी असं मी म्हणत नाहीये. टाकली तर कोणी किल्ली ठेवून घेणारच नाही! शेजारधर्म हा शब्द आपल्याकडे आहेच, त्याला कलम नको. माझं म्हणणं एवढंच की ही एक खरी यंत्रणा आहे, ती चालते, आणि आपण ती धरतच नाही. २०११च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं सुमारे १०.४ कोटी होती. आता त्याहून कितीतरी जास्त असणार. एवढ्या लोकांना फक्त मुलं आणि घड्याळं पुरणार नाहीत.

हे नुसतं माझ्या आजीचं कौतुक नाही. अमेरिकेतलं उदाहरण देते. जुलै १९९५मध्ये शिकागोत भयंकर उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं त्यावर २००२मध्ये पुस्तक लिहिलं. त्यानं शेजारशेजारच्या दोन वस्त्या बघितल्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण एकीकडे मृत्यूचं प्रमाण खूप जास्त आणि दुसरीकडे खूप कमी. फरक काय होता? दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. पहिलीत दुकानं बंद पडलेली, घरं ओस, माणसं दार लावून आत. घरात पंखा आहे का, एवढंच विचारून भागत नाही. दाराबाहेर कोण आहे, हेही विचारावं लागतं.

तर आजी बरी झाली. वॉकर घेऊन चालायला लागली. मी पुण्यात नोकरी घेतली, ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातले तीन दिवस घरून काम, आणि आजीकडेच राहायला आले. आणि मग इंजिनिअरची खोड! एक आठवडा मी वहीत लिहून ठेवलं की आजीची खबर रोज कोण कोण घेतं.

सकाळी सहाला दूधवाला. पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली की पेपर टाकणारा मुलगा बेल वाजवतो. आठला आजीच्या मैत्रिणीचा मिस कॉल. नऊला कामाच्या मावशी. काकू दिवसातून तीन-चारदा. औषधाचं दुकान, कारण बीपीच्या गोळ्या संपायची तारीख तिथल्या माणसाला आमच्यापेक्षा चांगली माहीत. संध्याकाळी कॉलनीच्या बागेतला बाक, त्यावर चार जणी. एक आली नाही तर बाकीच्या तिघी तिच्या खिडकीखाली जाऊन हाक मारतात. लाफ्टर क्लबवरून आपण विनोद करतो ना, तिथेही हेच चालतं. ही कल्पना १९९५मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांवर सुरू झाली. आता पुण्याच्या बागांमध्ये सकाळी बघा, किती गट हात वर करून हसत असतात. हसणं होतंच, पण हजेरीही लागते.

आमच्या क्षेत्रात याला 'हार्टबीट' म्हणतात. सर्व्हर ठराविक वेळानं "मी आहे" असा छोटा संदेश पाठवत राहतो. तो थांबला की कळतं, काहीतरी बिघडलंय. आजीकडे हे सगळं आधीपासून होतं. घड्याळ चार्ज करावं लागतं, काकूंना चहा पुरतो.

त्या मिस कॉलची गोष्ट सांगते. आजी आणि ही मैत्रीण लहानपणी नारायण पेठेत एकाच वाड्यात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी तेव्हा सतरा वर्षांची. वाडा गेला. मैत्रिणीचं कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं, आजीचं दुसरीकडे. तेव्हा फोन कुठले! दोघी दर गुरुवारी चालत जाऊन भेटायच्या. आता दोघींनाही चालवत नाही, म्हणून रोज आठला मिस कॉल. एकीनं द्यायचा, दुसरीनं परत द्यायचा. उचलायचा नाही, पैसे वाचतात! मी शंभरदा सांगितलं की आता कॉल फुकट असतात. ऐकत नाहीत. पण दोन मिस कॉल झाले की दोघींचा दिवस सुरू होतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळं छान आहे, मग अडचण काय? अडचण आहे. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली.

पुण्यात आता कर्वेनगर घ्या, कोथरूड घ्या, एरंडवणा, सहकारनगर घ्या, प्रत्येक गल्लीत एखादी इमारत पत्र्यांच्या आड गेलेली दिसते. सरकारच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. इमारती जुन्या झाल्यात, लिफ्ट नाही, पाणी झिरपतं. आजीला वॉकर घेऊन दोन जिने उतरायचे म्हणजे शिक्षा. त्यामुळे पुनर्विकास नको असं मी अजिबात म्हणणार नाही. मीच आजीच्या वतीनं 'हो' म्हणाले.

आमच्या मीटिंगांमध्ये सगळं बोलून झालं. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग कुणाला. एक्सेल मीच बनवलं होतं. शेवटी बिल्डरच्या माणसानं विचारलं, "आजी, तुम्हाला काही शंका?" आजी म्हणाली, "समोर कोण असेल?"

त्याला वाटलं व्ह्यूबद्दल विचारतेय. तो म्हणाला, "समोर गार्डन असेल." आजी म्हणाली, "गार्डनकडे किल्ली ठेवू का?"

सगळे हसले. मीही हसले. रात्री झोप लागेना. इमारत तीन वर्षांनी उभी राहणार. तोपर्यंत बारा घरं बारा दिशांना. भाड्याचा हिशोब आम्ही रुपयापर्यंत केला होता. पस्तीस वर्षांचा शेजार मोडतोय, त्याचा रकाना माझ्या एक्सेलमध्येच नव्हता. दवाखान्याच्या त्या मुलाला मी नावं ठेवली होती, आणि मीही तेच केलं होतं.

आणि आजीचं वय ऐंशीच्या पुढे. आपल्याला तीन वर्षं म्हणजे एक जॉब स्विच. तिला तीन वर्षं म्हणजे नवीन दूधवाला, नवीन दुकान, नवीन बाक, आणि ज्यांना तिच्या कुकरची वेळ माहीत नाही असे शेजारी.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही. मी आणि काकूंच्या मुलानं ठरवलं की घर शोधताना दोन्ही घरं एकत्र शोधायची. ब्रोकर वैतागला, "एकाच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट, तेही याच एरियात?" दोन महिने लागले. जुन्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक इमारत मिळाली. आजी दुसऱ्या मजल्यावर, काकू चौथ्या. समोरासमोर नाही, पण लिफ्ट आहे. तिकडच्या भाड्यासाठी आम्हाला महिन्याला थोडे पैसे वरून घालावे लागतात. माझ्या मते ते विम्याच्या हप्त्यासारखे आहेत. किल्ली काकूंकडे गेली, खिळा मात्र नवीन ठोकावा लागला, घरमालकाला विचारून. शिट्ट्या चौथ्या मजल्यावर ऐकू येत नाहीत. म्हणून आजी साडेदहाला कुकर उतरवला की काकूंना मिस कॉल देते.

वरचे काका मात्र सुटले. ते मुलीकडे वाकडला गेले. मुलगी-जावई चांगले आहेत, पण दिवसभर दोघंही ऑफिसात. बावीस मजली टॉवर, आणि काकांना लिफ्टमध्ये भेटणारं प्रत्येक माणूस फोनमध्ये बघत असतं. मागच्या महिन्यात मला म्हणाले, "इथे मला सगळे 'अंकल' म्हणतात, नाव कुणाला माहीत नाही." यावर माझ्याकडे उपाय नाही. मी रविवारी फोन करते, बस्स.

आता थोडं कडूही बोलते, नाहीतर हे फार गोड होईल. शेजार म्हणजे जादू नाही. एक, काकू स्वतः सत्तरीला आल्यात. मदत करणारं माणूसच एकटं आणि म्हातारं असलं, तर सगळा भार एका खांबावर. म्हणून किल्ली दोन घरी हवी, आणि त्यातलं एक घर तरुण हवं. दोन, हे काम बहुतेक बायकाच करतात आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. काकूंच्या माथी आपण आजी मारायची आणि आपण मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, स्मृतिभ्रंश असेल, तर शिकलेली नर्स लागते, तिथे शेजारी पुरा पडत नाही. तीन, पैसे. एटीएमचा पिन, ओटीपी, चेकबुक, यातलं काही शेजाऱ्याकडे द्यायचं नाही. अविश्वास म्हणून नाही. उद्या काही इकडेतिकडे झालं तर पस्तीस वर्षांचं नातं तुटू नये म्हणून. ही अट काकूंनीच घातली होती.

आणि ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण भाड्यानं राहत असाल. सोसायटीत तुम्हाला 'बॅचलर' म्हणून सगळे जरा तिरक्या नजरेनं बघत असतील. माहितीय मला. पण एक करून बघा. नोव्हेंबरमध्ये पेन्शनर लोकांचा हयातीचा दाखला असतो. आता फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवून घरबसल्या 'जीवन प्रमाण' करता येतं. ॲप उतरवायचं, आधार नंबर टाकायचा, डोळे मिचकवायचे. गेल्या वर्षी मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून सात आजी-आजोबांचे दाखले काढले. एका आजोबांचा चेहरा चष्म्यामुळे घेईना, चौथ्यांदा घेतला. म्हणाले, "चला, सरकारच्या मते मी जिवंत आहे." त्या दिवसापासून माझं पार्सल वॉचमनकडे पडून राहत नाही, कुणीतरी घेऊन ठेवतं.

तर आज ऐकून झाल्यावर एवढं करा.

तुमचे आई-बाबा किंवा आजी-आजोबा जिथे राहतात, तिथल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत का, बघा. नसतील तर आजच घ्या. आणि काही काम नसताना एकदा फोन करा. पहिला फोन संकटाचा नसावा.

किल्ली कुठे आहे, आणि आतून कडी लावतात का, विचारा.

फ्रिजवर एक कागद लावा. रक्तगट, औषधं, डॉक्टर, विमा, मुलांचे नंबर. त्याखाली आजी-आजोबांच्या सहीनं एक ओळ, की या शेजाऱ्यांना माझ्या तब्येतीची माहिती द्यावी. कायद्यानं याला फार वजन नाही, ऑपरेशनची सही यावर होणार नाही. पण काउंटरवर निदान बोलणं सुरू होतं.

आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, १४५६७. सकाळी आठ ते रात्री आठ. तीही त्याच कागदावर लिहा. तातडीचं असेल तर १०८ आणि ११२.

सोसायटी पुनर्विकासाला जात असेल तर पहिल्याच मीटिंगला आजीचा प्रश्न विचारा. समोर कोण असेल? हसू देत लोक.

चला, साडेदहा होत आलेत, आतून कुकरची पहिली शिट्टी झालीय, तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली असेल. अजून दोन व्हायच्यात. मग काकूंना मिस कॉल जाईल.

तुमच्या घरी अशी कोणी समोरची काकू, वरचे काका असतील तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि त्याआधी, त्यांना एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि समोरच्यांची.